मागची डावी सीट

मी टॅक्सी बोलतेय. दचकू नका, मीटर चालू केलेला नाही. मीटर मला कधी नव्हताच. फक्त वय विचारू नका. गाडीचं वय पाटीवरून कळतं आणि माझी पाटी कधीच गळून पडली, ते एक बरं झालं. एवढं सांगते, छप्पन साली मी बोटीतून कुवेतला उतरले तेव्हा माझ्याकडे माना वळायच्या. आता अबू हलीफाच्या या भंगारवाड्यात मान वळवायला बकऱ्या आहेत. त्या बॉनेटवर चढतात आणि लांब बघतात.

जन्म अमेरिकेतला. त्यातलं फारसं आठवत नाही. मोठा कारखाना होता, आवाज होता, कुणीतरी दारं बसवली. लोकांना जन्मगावाची ओढ असते म्हणे. मला नाही. मागून मी पहिल्यापासून रुंद, त्यात दोन्ही बाजूंना पंखासारखे पत्रे. उडावंसं काही वाटलं नाही.

माझा मालक अबू सालेम. हा समुद्रातून मोती काढणाऱ्या गलबतावरचा तांडेल. मोत्यांचा धंदा बसला, तेलाचा उठला, तेव्हा त्यानं गलबत विकून मला घेतलं. पण गाडी वळवायच्या आधी तो वारा बघायचा. चार वेळा मला खांबावर नेऊन आपटल्यावर त्यानं हार मानली आणि ड्रायव्हर ठेवला. तो कासम.

कासम बाणकोटच्या खाडीवरचा. लग्न होऊन पाच महिने झाले होते तेव्हा त्रेपन्न साली घरून निघालेला. गावातल्या मुरगाब वस्तीत एका खोलीत सात जण राहायचे, त्यातला एक. दिवसभर माझ्यात. सफात चौकात उभं राहायचं, 'सालमिया, सालमिया' नाहीतर 'फहाहील, फहाहील' ओरडायचं, पाच माणसं भरली की निघायचं. रस्त्यात कुणी हात केला आणि जागा असली की थांबायचं. त्याचा पाय ब्रेकवर आपोआप जायचा. डोक्याला विचारायची गरज नव्हती.

कुवेत तेव्हा रोज बदलायचं. सत्तावन्न साली गावाभोवतीची मातीची भिंत पाडली आणि मग काय, आज रस्ता तर उद्या चौक. माणसं आत बसून म्हणायची, "काल जिथं उतरलो होतो तिथंच सोड." जाऊन बघावं तर ती जागाच नाही. मग उतरणारा खाली उभा राहून इकडंतिकडं बघायचा, जणू माझीच चूक.

कासमची एक रीत होती. मागे बाई बसली की तो हात वर करून आरसा छताकडं फिरवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या गावचा एक जुना ड्रायव्हर तसं करायचा, म्हणून हाही. बायांना ते बरं वाटायचं. मला मात्र मागून ट्रक येतोय का हे कळायचं नाही. पण माझं कोण ऐकतंय.

साठ साली एकदा नझीर चौकात आला. नझीर म्हणजे कासमच्या मामाचा मुलगा, कापडाच्या दुकानात कामाला. हातात गावचं पत्र. त्यानं ते खिडकीतून वाचून दाखवलं. कासमची आई वारली होती. दोन महिन्यांपूर्वी. मागे तीन माणसं बसलेली, पुढे दोन. कासमनं ऐकलं, गियर टाकला, फहाहीलपर्यंत गेला, परत आला. मी वाट बघत होते, हा कुठंतरी थांबेल. थांबला नाही. चौकात येऊन 'सालमिया, सालमिया' सुरू केलं. मला काय वाटलं विचाराल तर, काही नाही. पत्र्याला ऊन लागतं, बाकी काही लागत नाही, असं मी तेव्हा म्हणायचे.

दोन वर्षांनी नझीर परत आला, परत पत्र. या वेळी मेव्हण्याचं. कासमच्या बायकोचा भाऊ रफीक, हर्णैला राहणारा. नझीरनं वाचलं, "सुगराला दीड महिन्यासाठी पाठवतोय. तुझी आई गेली, आता त्या घरात तिनं कुणासाठी राहायचं? तिकडं ठेवायची तर ठेव. परतीच्या बोटीनं आली तर मी काझीकडं जाऊन तिला मोकळी करून घेईन. दोन्हीतलं एक कर, माणसासारखं."

"काय करतंस?" नझीरनं विचारलं.

"बघू," कासम म्हणाला.

नऊ वर्षांत तो एकदाच गावी गेलेला, दोन महिने. बाकी सगळी पत्रं. आणि ती पत्रं तरी कशी? गावातले मास्तर लिहिणार, इथं नझीर वाचणार. याचं उत्तर तिथं अंगणात सगळ्यांसमोर वाचलं जाणार. त्यात माणूस काय लिहिणार? खुशाल आहे, काळजी नसावी.

शुवैखच्या नव्या बंदरावर बोट लागली. नऊ दिवसांचा प्रवास करून सुगरा आली, गावच्याच एका कुटुंबासोबत. काळा बुरखा, हातात पत्र्याची ट्रंक. कासमनं ट्रंक डिकीत टाकली, मागचं दार उघडलं. ती बसली, डाव्या कोपऱ्यात, म्हणजे बरोबर त्याच्या पाठीमागे, कारण माझं चाक डावीकडं. तो पुढे बसला. हात वर गेला, आरसा छताकडं फिरवला आणि म्हणाला, "वेन?"

म्हणजे अरबीत, कुठं जायचं. स्वतःच्या बायकोला.

मग सुगरा म्हणाली, "मला काय ठाव? गाव तुमचा हाय."

कासमचे कान लाल झाले. आरसा मात्र तसाच राहिला.

सात पुरुषांच्या खोलीत बायको कशी न्यायची? म्हणून तिला हवली नावाच्या वस्तीत नझीरच्या घरी ठेवलं. नझीरची बायको सईदा मोठी बोलकी. कासम संध्याकाळी दारात हॉर्न वाजवायचा आणि दारातच उभा राहायचा. सईदा ओरडायची, "आत ये नायतर हिला घेऊन जा! दारात काय उभा, दूधवाल्यासारखा? हवा खायला ने जरा. टॅक्सी हाय ना तुझी, उंट तर नाय!"

मग निघायचे दोघं, समुद्राच्या रस्त्यानं, सालमियावरून थेट अबू हलीफापर्यंत. नवरा-बायकोला एकटं बसायला कुवेतात एकच जागा होती, ती मी. मी आपली खुशीत होते, म्हटलं आता काहीतरी ऐकायला मिळेल. माझ्यात बसून लोकांनी काय काय बोललेलं आहे! पण ही दोघं म्हणजे दोन दगड.

"गर्मी हाय."

"हां."

"तिकडं आंबा कसा हाय यंदा?"

"बरा हाय."

झालं. पुढचे चार मैल नुसतं माझं इंजिन. आणि वर गंमत बघा, रस्त्यात कुणी हात केला की कासमचा पाय ब्रेकवर! बायकोला हवा खायला नेतोय आणि सवारी घेतोय. मागे बाई बसलेली बघून पुरुष पुढे बसायचे. म्हणजे कुणी इजिप्तचा मास्तर कासमच्या शेजारी आणि बायको मागे, आरशातसुद्धा नाही. एकदा तीन पॅलेस्टिनी मास्तरणी मागे बसल्या. सुगरा दाराला चिकटली. एकीनं हसून तिला अरबीत काहीतरी विचारलं. ही नुसती बघतच राहिली.

त्या उतरल्यावर ती पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोलली. "एक विचारू? पत्रात तुम्ही 'घरात सलाम' लिहिता. नऊ वर्षांत माझं नाव एकदा नाय लिहिलंत. घरात म्हस पण होती. मला कसं कळणार, सलाम कुणाला?"

मला हसू आलं, पण माझा सायलेन्सर तेव्हा फुटका होता, लोकांना त्याचाच आवाज वाटला असेल. कासम हसला नाही. म्हणाला, "बायकोचा नाव कोण लिहितो पत्रात?"

"नाय लिहीत कोण," ती म्हणाली. रागानं नव्हे. तिचा राग केव्हाच वाळून गेला होता. ती जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होती.

अबू सालेमला सगळं कळलेलं. तो दर शुक्रवारी मला बघायला यायचा, टायरला लाथ मारून 'मजबूत' म्हणायचा. माझ्या वयाच्या बाईला अशी तारीफ आवडते, खोटं कशाला बोलू. तो कासमला म्हणाला, "तुझ्या घरच्यांचा इकामा करायचा का? मी सही करतो. सालमियात माझी एक खोली पण आहे. तू फक्त सांग."

इकामा म्हणजे इथं राहायचा कागद. कासम म्हणाला, "बुक्रा." म्हणजे उद्या. कुवेतला आल्यावर कासम सगळ्यात आधी हाच शब्द शिकला असावा. दीड महिन्यातले बरेचसे दिवस बुक्रा म्हणण्यात गेले. त्याला ती नको होती असं नाही. हवी होती असंही तो सांगू शकला नसता. नऊ वर्षं पाय अवघडून बसलं की पाय आहे की नाही तेच कळत नाही, तसं काहीतरी.

परतीची बोट आली. असरची, म्हणजे दुपार कलतानाची नमाज झाल्यावर कासमनं हवलीला हॉर्न वाजवला. सईदा आज ओरडली नाही. तिनं सुगराला मिठी मारली आणि कासमकडं बघून एवढंच म्हणाली, "तुझ्यापेक्षा ही गाडी बरी रे, निदान भोंगा तरी वाजवते."

माझी तारीफ झाली, पण प्रसंग तसा नव्हता.

शुवैखला पोचलो. हमाल धावत आला, डिकीवर थाप मारली. कासम खाली उतरला, मागचं दार उघडून उभा राहिला. सुगरा हलली नाही.

"बोट लागली हाय," कासम म्हणाला.

"दिसते मला."

"मग?"

"तुम्ही म्हणा 'उतर'. मी उतरते."

हमाल एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघून दुसऱ्या गाडीकडं गेला. कासमनं दार हळूच लावलं, पुढे येऊन बसला. दोन्ही हात चाकावर.

"मी कधी सवारीला उतर म्हटलो नाय," तो म्हणाला.

"मी सवारी हाय?"

माझा पत्रा तापलेला, आत दोघंही घामानं भिजलेली, काच कुणी खाली करेना. बोटीनं पहिला भोंगा दिला. सुगरा म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही गप बसलात म्हणून मी तिकडं राहिले. आज गप बसलात तर इकडं राहीन. मग रफीकला काय लिहायचं ते तुम्ही लिहा. तुम्हाला बोलायचंच असेल तर एकच शब्द हाय, छोटा हाय."

कासमनं तोंड उघडलं, मला कळलं, कारण त्याच्या बोटांनी चाक घट्ट धरलं. मग बोटं सैल झाली.

तेवढ्यात एक सुटाबुटातला माणूस खिडकीशी वाकला. अरबीत विचारलं, गाडी रिकामी आहे का? कासमचा पाय, सवयीचा पाय, क्लचवर गेला. आणि थांबला.

"ला," कासम म्हणाला. "अहल."

तो माणूस लगेच मागे सरला, छातीवर हात ठेवून माफी मागून गेला.

"काय म्हटलंत त्याला?" सुगरानं विचारलं.

"गाडी भरली हाय म्हटलं."

मला अरबी येतं. ला म्हणजे नाही, अहल म्हणजे घरचं माणूस. तिला तेव्हा अरबी येत नव्हतं. मी सांगितलं नाही. माझ्यातलं माझ्यात ठेवायची मला सवय आहे.

दुसरा भोंगा झाला. तिसरा झाला. शिडी वर घेतली. कुणी रडलं नाही, कुणी मागे वळलं नाही. बोट लहान होत होत पाण्यावर ठिपका झाली आणि ही दोघं तिच्याकडं अशी बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाला पोचवायला आली होती. ऊन उतरलं. मगरिबची बांग झाली. तीन तास झाले असतील.

"भूक लागली," सुगरा म्हणाली.

"मला पण," कासम म्हणाला.

आणि मला सुरू केलं. पहिल्यांदा मी सुरू झाले नाही, इंजिन तापलं होतं. दुसऱ्यांदा झाले. तो सरळ अबू सालेमच्या दारात गेला. बुक्रा म्हणाला नाही.

त्यानंतर मी चालत होते तोवर, सहा वर्षं, ती दोघं सालमियाच्या खोलीत राहिली. अजून राहत असतील. फार बोलायला लागली असं नाही. सुगरा माझ्यात बसायची तेव्हा पुढे बसायची, मधे भाज्यांची पिशवी. तिला अरबी आलं, दुकानदारांशी भांडण्याइतकं. बंदरावरचा तो 'अहल' शब्द तिला नंतर कधी आठवला का, ठाऊक नाही. विचारायला मला तोंड नाही.

मग माझं इंजिन बसलं, मग गियर. अबू सालेमनं टायरला लाथ मारली आणि या वेळी काही म्हणाला नाही. मला इथं आणून सोडलं. कासम आला होता ओढणाऱ्या ट्रकबरोबर. जाताना त्यानं माझं दार लावलं, हळूच, जसं सवारीचं लावायचा. वाईट वाटलं का मला? बघा, आता मी पूर्वीसारखं ठामपणे नाही म्हणत.

काल मागची सीट काढून नेली. समोरच्या चहावाल्यानं नेली, बाकडं म्हणून. बांधकामावरची माणसं तिच्यावर बसून चहा पितात, म्हणजे अर्धी मी अजून कामावर आहे. उरलेली अर्धी गुरुवारी दाबायच्या यंत्रात जाणार, असं ऐकते. अरुंद होण्याची ही शेवटची संधी.

तुम्ही कधी या बाजूला आलात आणि त्या बाकड्यावर टेकलात, तर डाव्या कोपऱ्यात एक खड्डा लागेल. स्प्रिंग बसलीय तिथली. गैरसोय होईल, माफ करा. पण बसलात तर लगेच उठू नका. चहा संपला तरी बसा. उतर म्हणणारं तिथं कुणी नाही.