नदीपात्र निर्मनुष्य

"पप्पा, खुंटी तिरपी धरा. आणि मघापासून तिकडं काय बघताय सारखं?"

बद्रीनाथराव गायके नदीच्या वरच्या अंगाला बघत होते. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. मे महिन्यातलं कोरडं पात्र, पांढरी वाळू, मध्येच एक हिरवट डबकं, डबक्यात एका पायावर उभा असलेला राखी बगळा आणि लांबवर एक वळण. त्या वळणापलीकडे तेरा किलोमीटरवर धरण होतं. धरणाच्या दरवाजांवर बद्रीनाथरावांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती आणि मागच्या सप्टेंबरात शाल, नारळ आणि गटारासारख्या आवाजाच्या माइकवरून झालेली तीन भाषणं घेऊन ते निवृत्त झाले होते.

"वारा बघतो," ते म्हणाले.

"वारा दिसतो का?"

"सवय असली की दिसतो."

सहल ही त्यांच्या मुलीची, प्रेरणाची कल्पना. ती बँकेत होती आणि महिन्यातून एकदा गारखेड्यातल्या एका गटाबरोबर रानात चालायला जायची. पाचोडच्या पुढे गाडी सोडून द्यायची, नदीच्या वाळवंटातून आठ किलोमीटर चालायचं, पक्षी-प्राणी बघायचे, वाळूतच तंबू ठोकायचे. सकाळी दुसऱ्या टोकाला गाडी हजर. "पप्पा, जन्मभर नदी वरून बघितली, आता एकदा खालून बघा," असं म्हणून तिने त्यांना उठवलं. निवृत्तीनंतर बद्रीनाथराव घरात ज्या चिकाटीने बसले होते ते बघता, त्यांना नेणं हेही एक गिर्यारोहणच होतं.

चालायला सुरुवात झाली तेव्हा बरं वाटलं होतं. गटाचा म्होरक्या मुनीब, तिशीतला, गळ्यात दुर्बीण. तो दर शंभर पावलांवर थांबे.

"ये देखो अंकल, रोह्याचा, नीलगायीचा माग. अन् ही तरसाची विष्ठा. रात्रीच गेलंय इथून."

आठही जणांनी तरसाच्या विष्ठेचे फोटो काढले. श्रेया नावाच्या एका मुलीने विचारलं, "सर, डेंजर असतं का?"

"तरस माणसाला घाबरतं, मॅडम. इथं घाबरण्यासारखं काहीच नाही."

तेवढ्यात बद्रीनाथरावांना काठावरच्या बाभळीत पाचट दिसलं. काट्यांत अडकलेलं, कमरेच्या उंचीवर. पावसाळ्यातलं असतं तर ते एव्हाना काळं पडलं असतं. हे पिवळं होतं. म्हणजे मार्चमधल्या पाण्याचं, दरवाजातून सोडलेल्या. लोक खाली मान घालून माग शोधत होते. बद्रीनाथरावांनी पुढचे पाच किलोमीटर आपल्या कमरेकडे बघत काढले.

आणि आता तंबू, पात्राच्या मधोमध.

"मुनीबभाई," ते म्हणाले, "काठावर लावले तर?"

"काठावर काटे, विंचू, साप. वाळू मस्त थंड होते, अंकल. और पानी का टेन्शन मत लो." मुनीब सगळ्यांकडे वळला. "धरणातून पाणी सोडायचं असलं की आधी तीन वेळा भोंगा वाजतो. मग धरणावरचा माणूस मोटरसायकलवर काठाकाठानं येतो, पात्रात माणूस-जनावर नाही याची खात्री करतो, वहीत लिहितो, तेव्हा कुठं दरवाजा उचलतात. खोटं वाटत असेल तर अंकलला विचारा."

"माझे पप्पाच करायचे ते काम," प्रेरणा म्हणाली. तिचा चेहरा उन्हाने आणि अभिमानाने लाल झाला होता. "एकतीस वर्षं. एक माणूस वाहून गेला नाही."

श्रेयाने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. बद्रीनाथरावांनी हात जोडले.

नियम मुनीबने अगदी बरोबर सांगितला होता. बद्रीनाथराव पहिल्या वर्षी दोनदा गेलेही होते. तिसऱ्या वेळी ऊन फार होतं. चौथ्या वेळी ऊन नव्हतं, पण तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं की जाऊन आलं तरी वहीत तेच वाक्य लिहायचं असतं आणि न जाता तर ते जास्त सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिता येतं. 'नदीपात्र निर्मनुष्य असल्याची खात्री केली.' एका तपासणीत साहेबांनी त्यांच्या अक्षराची तारीफ केली होती.

"जरा लघवीला जाऊन येतो," असं सांगून ते काठ चढले. वर फोनला रेंजची एक काडी आली. त्यांनी सत्यमला लावला. त्यांच्या जागी आता हाच होता. काम त्यांनीच शिकवलं होतं.

"काका! आठवण आली व्हय आमची?"

"सत्यम, पाण्याचं काय?"

"खालच्या बंधाऱ्यायला पाणी पायजे म्हणून गावं बोंबलायलीत. आदेश निघालाय म्हणतेत. साहेबाचा फोन आला की उचलतो दरवाजा. आज, नायतर उद्या पहाटं."

"पात्र बघून येशील ना आधी?"

सत्यम हसला. "परीक्षा घेता काय काका? तुम्ही शिकवलं तसंच करतो सगळं. वही तर लिहून बी ठिवली."

"अरे, मी खाली आहे. पात्रात. पोरगी आहे सोबत."

"तुमी? पात्रात?" पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. "लई भारी, काका. एकतीस वर्षांत कधी गेला नाय, अन् आता..."

काडी गेली. नंतर अकरा वेळा लावला. एका बाईने अकराही वेळा अत्यंत नम्रपणे सांगितलं की हा ग्राहक संपर्क क्षेत्राबाहेर आहे.

खाली स्टोव्हवर चहा उकळत होता. सूर्य काठाला टेकला होता. वरच्या अंगाला कुठेतरी टिटवी ओरडली आणि सगळ्यांनी कौतुकाने माना वळवल्या. बद्रीनाथरावांनाही ती ऐकू आली आणि तिच्यामागून आणखी काहीतरी येतंय असं वाटलं. टरकन कापड फाटावं तसं. मग काहीच नव्हतं.

"तंबू काढा," ते म्हणाले. "सगळे वर चला."

"पप्पा, काय झालं? भोंगा वाजेल ना."

"भोंगा तीन किलोमीटरच्या पुढं ऐकू येत नाही."

"मग तो माणूस येतोच ना मोटरसायकलवर," मुनीब म्हणाला.

"येत नाही."

"रूल है अंकल."

"रूल मला माहीत आहे. एकतीस वर्षं वहीत मीच लिहिला." बद्रीनाथरावांनी घसा साफ केला. "गेलो दोनदा."

प्रेरणाच्या हातात पेला होता. तो तिने वाळूत ठेवला, तो कलंडला.

"पण कुणी वाहून गेलं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगायचात आम्हाला."

"नोंद नाही."

"नोंद नाही म्हणजे?"

"एकदा दोन शेळ्या. आणि एकदा एक म्हातारा चपलेचा जोड घेऊन दारात आला होता. खालच्या वळणावर सापडला म्हणाला, कुणाचा आहे सांगा. मी वही बघितली. म्हणालो, नोंद नाही."

"मग?"

"तो गेला."

प्रेरणाने स्वतः ठोकलेली पहिली खुंटी उपटली. वीस मिनिटांत आठही जण काट्यांत, विंचवांत आणि सापांत सुखरूप पोचले. बद्रीनाथरावांशी कुणी बोललं नाही. मुनीबने तेवढा चहा दिला.

चहा हातात असतानाच त्यांना खालच्या वळणावर धूर दिसला.

"तिथं कोण आहे?"

"टरबूजवाले. वाळूत वाडी आहे त्यांची. सकाळी तिथं टरबूज खायचा प्रोग्रॅम होता."

बद्रीनाथरावांनी पेला खाली ठेवला आणि ते पुन्हा पात्रात उतरले. काठाने काटे होते, वाट पात्रातूनच होती. अर्धा किलोमीटर. धरणाकडे पाठ करून चालायची त्यांना सवय नव्हती. प्रत्येक पावलागणिक मानेमागे गार काहीतरी सरकत होतं. वाळू सरकली तरी ते दचकत. मागे पावलं वाजली तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच. प्रेरणा होती. दहा पावलं अंतर ठेवून चालत होती आणि ते थांबले की थांबत होती.

वेलांच्या मध्ये पाचटाची खोप होती. झोळीत एक मूल झोपलं होतं. वाडीवाली चतुराबाई चुलीपुढून उठली.

"कोण हाय?"

"धरणावरून," बद्रीनाथराव सवयीने म्हणाले. "पाणी सुटणार आहे. आज, नाहीतर पहाटे. वर चला."

"धरणावरून?" चतुराबाईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "आठ साल झाले इथं वाडी लावते. पाणी आलं की आमाला पाण्यानंच सांगावं. धरणावरचं माणूस पैल्यांदाच बघायली." तिने पदराने पाट पुसला. "बसा की. दमला असाल. लई लांबून आलाव."

बद्रीनाथराव बसले नाहीत. मागे प्रेरणा उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिने हे ऐकलं हेही.

"आधी लेकरू वर न्या."

"नेते. मालक गेलेत बाजाराला. पर या फळायचं काय? परवा गाडी येनार हाय."

वाळूत दीड-दोनशे टरबुजं पडली होती. बद्रीनाथरावांनी वाकून एक उचललं, मग दुसरं, आणि दोन्ही काखांत धरून ते चढ चढू लागले. वर नीट रचून ठेवून परत आले. चौथ्या खेपेला धाप लागली आणि ते चढावर मधेच थांबले. प्रेरणा तिथे आली. तिने त्यांच्या काखेतलं एक टरबूज काढून घेतलं, मग दुसरं, आणि वर नेलं. त्यांच्याकडे तिने बघितलं नाही. पण परत येऊन तिथेच, चढाच्या मध्यावर, हात पुढे करून उभी राहिली.

अंधार पडत होता. बद्रीनाथराव खाली उतरत, पात्राच्या मधोमध थांबत, वरच्या अंगाला कान देत आणि पुन्हा वाकत.