कागद नसलेला पेपरवेट

“चाची, या पेपरवेटखाली कागद तं एकही नाही, मंग ठेवला कायले?”

प्रश्न रागिणीचा नव्हताच. खुशी आणि अफिफानं पैज लावून तिला आत धाडलं होतं. दोघी अंजनगावातल्या त्या बांगड्यांच्या दुकानाबाहेर ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. वक्तृत्वात पहिली आल्यापासून रागिणी कोणालाही काहीही विचारायची. फक्त दप्तरातला अमरावतीच्या होस्टेलचा फॉर्म आठवडाभर बाबांपुढे काढवला नव्हता. उद्या शेवटची तारीख.

दुकानवाल्या खुर्शीदबीनं तो काचेचा गोळा पदरानं पुसला. आत रंगीत तुकड्यांचं फूल होतं.

“भरताना बांगडी फुटली तं नुकसान आमचं. हे तेच तुकडे. तुहे चाचा फिरोजाबादले घेऊन गेल्ते. भट्टीवाल्यानं लोखंडी पत्र्यावर मांडले, तापल्या काचेच्या गोळ्यानं उचलून घेतले. मंग हळूहळू थंड केला. घाई केली का तडकते.”

“अन् हा हिरवा?”

“तुह्या मायचा. लग्नाचा चुडा भरताना कौशल्याची मूठच उघडे ना, तं फुटली.” चाचीनं गोळा खाली ठेवला. “त्याच्या आंधी नर्सिंगचा फॉर्म माह्याजवळ ठेवून गेल्ती. म्हणे, घरी सांगतो अन् नेतो. पंधरा वर्सं याच्याखाली होता.”

“मंग?”

“वाळवी लागली, पोरी.”

बाहेरचं हसू थांबलं होतं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

“आता समद्या बांगड्यांची डबीच घेऊन जातात,” चाची म्हणाली. “हात कोणी देत नाही.”

रागिणीनं हात पुढे केला. चाचीनं तो दाबून दाबून मऊ केला, एक हिरवी बांगडी अलगद चढवली. चढल्यावरही हात बराच वेळ सोडला नाही.

रागिणी बाहेर आली तेव्हा मैत्रिणी निघून गेल्या होत्या. पैज जिंकल्याचं सांगायला कोणी नव्हतं. घरापर्यंत बांगडी तेवढी वाजत राहिली.

बाबा चहा पीत होते. आई शेजारीच पीठ मळत होती. रागिणीनं फॉर्म त्यांच्यामध्ये ठेवला. पंख्यानं तो उडू लागला, तसा तिनं एक कोपरा दाबून धरला.

कौशल्यानं बांगडी पाहिली.

“खुर्शीदचाचीकडे गेल्ती?”

रागिणीनं मान हलवली. पिठानं भरलेली आईची मूठ उघडली आणि तळवा फॉर्मच्या दुसऱ्या कोपऱ्यावर टेकला.

“आई, बाबा,” रागिणी म्हणाली, “मी अमरावतीले शिकाले जाणार. हा फॉर्म मी कोणापाशी ठेवून येणार नाही.”