उगारे मास्तरांचा प्रारंभीचा विनोद

भूपाल उगारे म्हणजे मराठीतलं भारदस्त नाव. त्यांच्या कादंबरीत कुणी हसलं की पुढच्या पानावर ते मरणार, हे वाचकांना पाठच झालेलं. म्हणून कोरेगावजवळच्या एका गावात त्यांच्या हातची अकरा पत्रं सापडली, तेव्हा सांगलीचे प्राध्यापक पारस मगदूम हरखून गेले. पत्रं एकाहत्तर सालची. उगारे तेव्हा त्या गावात शाळामास्तर होते आणि लष्करात गेलेल्यांच्या बायकांना पत्रं लिहून द्यायचे. आणि ही पत्रं वाचताना हसून हसून पोट दुखत होतं.

पत्रं होती शालूबाईंची. नवऱ्यानं, जोतीरामनं, ती आपल्या लष्करी ट्रंकेत जपली होती; त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली. प्राध्यापकांनी पत्रांचे फोटो नेले होते. आज ते त्या पत्रांच्या पुस्तकाची कच्ची प्रत, सांगलीच्या समितीनं ठेवलेल्या समारंभाचं आमंत्रण आणि संमतीचा कागद घेऊन आले. शालूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून नातीनं, दीपमालानं, प्रस्तावना मोठ्यानं वाचायला घेतली. "एका निरक्षर स्त्रीच्या तोंडी उगाऱ्यांनी जो खट्याळ विनोद घातला..."

"थांब," शालूबाई म्हणाल्या. "कुनी घातला?"

दीपमालानं पुन्हा वाचलं. शालूबाईंचं डोकं तडकलं.

"सर, मास्तर वरीसभरात एकदाबी हसलं न्हाईत. मी सांगायची, ते ल्ह्यायचे."

"आजी, निरोप तुमचा, मान्य. पण हे बघा. 'रेडिओवर सांगतात, शत्रू पळाला. कुठं पळाला ते सांगत नाहीत. आपला हरभरा काल कुणीतरी उपटून नेलाय.' हे मुरलेल्या लेखकाचं काम आहे."

"त्या हरबऱ्यावरच मास्तर अडलं हुतं. म्हनलं, वहिनी, लढाईवरल्या मानसाला असलं ल्हू नये. मी म्हनलं, ल्हिवा. रडायला तिकडं लय जनं हायती."

तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. रेडिओ लागला की हातातलं काम टाकून कान लावायच्या. पण भीती वाटते असं एकदाही कळवायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. तेवढी एक जिद्द त्यांची स्वतःची होती, आणि हा शिकलेला माणूस ती मास्तरांच्या नावावर चढवायला निघाला होता.

"पण पुरावा काय, आजी?" प्राध्यापकांनी आवाज मऊ ठेवून विचारलं.

"कागद हाय न्हवं? ल्हिवा."

प्राध्यापकांनी थोडं हसून पेन काढलं.

"सांगलीच्या समितीस शालूबाईचा नमस्कार. तुमी मला शाल आनि नारळ देनार म्हनं. यप्रिलात शाल, आनि तोंडात दात उरल्यात दोन. त्यापरीस पंखा द्या. पंखा झेपत नसंल तर पुढच्या खुर्चीत बसवा, तुमच्या भाषनांचा वारा काय कमी नसंल."

दीपमाला ओढणी तोंडाशी धरून हसत होती. लिहिता लिहिता प्राध्यापकांनीही चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांचं हसू ओसरलं. पुस्तकावरचं उगाऱ्यांचं नाव त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

"पत्रिका वाटून झाल्यात, आजी," ते म्हणाले. "उगाऱ्यांचं नाव नसेल तर हे पुस्तक वाचणार कोण?"

"मग छापू नगा. मी अंगठा देनार न्हाई." शालूबाईंनी संमतीचा कागद त्यांच्याकडं सरकवला.

"काहीतरी मार्ग काढा, आजी."

"हाय की मार्ग. वर माझं नाव घाला. मास्तरांचं अक्षर लय देखनं हुतं, तेवढं खाली ल्हिवा."