अठरा टक्क्यांच्या म्हशी

अप्पांनी मोबाईल हातभर लांब धरला आणि बिल तिसऱ्यांदा वाचलं. पुस्तक शंभर रुपये, कर अठरा.

बिल बाळासोंचं होतं. अप्पांच्या ‘माझ्या सात म्हशींचे स्वभाव’ या ई-पुस्तकाचे ते एकमेव गिऱ्हाईक, आणि म्हणूनच जरा चढेल.

“त्याच ॲपवर ऊस लागवडीचं पुस्तक घेतलो. त्याला पाचच टक्के,” बाळासो म्हणाले. “तुझ्या म्हशी काय परदेशी हायत व्हय रं?”

अप्पांनी नातीला हाक मारली. अवंतिका शाहूपुरीत करसल्लागाराकडे कामाला होती. पुस्तक फोनवर चढवलं होतं तेही तिनंच.

“त्या पुस्तकाची छापील प्रत आहे, अप्पा. कागदावरचं पुस्तक फोनवर आलं तर पाच टक्के. नुसतंच फोनवर असलं तर कायद्याच्या लेखी ते पुस्तक नव्हे. मग अठरा.”

“पुस्तक न्हाय तर काय हाय ते?”

“सेवा.”

म्हशींची सेवा अप्पांनी चाळीस वर्षं केली होती, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तीन वर्षं पहाटे उठून जे लिहिलं, ते पुस्तकच नव्हे? त्या दिवसापासून ते दोन भाकऱ्यांवरून एकीवर आले.

आक्कांच्या नजरेतून हे सुटलं नाही. मात्र अप्पांच्या या मंडळींचं आणि पुस्तकाचं जमत नव्हतं. चंद्री म्हशीला त्यात अकरा पानं होती आणि आक्कांना एक ओळ: ‘धारा मंडळी काढत.’ अवंतिकानं ती वाचून दाखवल्यापासून अप्पांनी चहात साखर मागितली, की “चंद्रीला मागा” असं उत्तर यायचं.

महिन्याभरानं आक्का नातीच्या स्कूटीवर मागं बसून शाहूपुरीतल्या छापखान्यात गेल्या आणि पंचवीस पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन परत आल्या. भिशी उचलली होती.

“घ्या. झालं पुस्तक. आता जेवा नीट,” म्हणून त्या भाकरी थापायला बसल्या. गठ्ठ्याचा वास लागल्यासारखे बाळासोही हजर झाले.

अप्पांनी वरचं पुस्तक उचललं, हुंगलं, उलटंपालटं केलं. शेवटी एक प्रकरण जास्तीचं होतं. आठवं. त्यांनी न लिहिलेलं.

‘आठवा. अंगानं दणकट, मनानं हळवा. कुणी टाकून बोललं की वैरण सोडतो. दावं लागत नाही. कुठंही गेला तरी दिवस मावळायच्या आत परत येतो. मारका नाही. अजून तरी.’

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

“हे कुणी लिवलं?”

“मी सांगितलो, हिनं लिवलं,” आक्का परातीतून नजर वर न करता म्हणाल्या.

बाळासोंनी वाचलं. “सगळ्या पुस्तकात एवढंच खरं हाय की रं!”

अवंतिकानं घसा खाकरला. “एक अडचण आहे. छापलेलं आणि फोनवरचं सारखंच पाहिजे, नाहीतर परत अठरा. हे प्रकरण फोनवर घालू, का ह्यातली पानं काढू?”

भाकरी थापायचा आवाज थांबला.

“घाल की,” अप्पा म्हणाले. “आन् ती धारांची ओळ काढ. तिथं बारा पानं यायची हायत.”

“अप्पा, मग पुन्हा छापावं लागेल. तोवर अठरा टक्केच.”

“असू देत अठरा,” अप्पा म्हणाले आणि दुसऱ्या भाकरीसाठी ताट पुढं केलं.