आठव्या दिवशीची बिअर

एकोणीस लिटर बिअर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून एडिनबरा ते स्लाऊ हे चारशे मैलांचे अंतर कापावे, अशी कल्पना शहाण्या माणसाला सुचत नाही. मला ती सुचली, कारण हातात एकच दिवस उरला होता. सोमवारी सकाळी लंडनच्या एका विद्यापीठातील प्राध्यापिका स्लाऊला इमॅन्युएलकाकांच्या घरी येऊन त्यांच्या आजोबांची वही घेऊन जाणार होत्या. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचे. या समाजाने योसेफाच्या, मोशेच्या कथा मराठी कीर्तनांत बांधल्या. तशा कीर्तनांची ही हस्तलिखित वही काकांबरोबर मुंबईहून इंग्लंडला आली आणि चाळीस वर्षे एका कपाटात राहिली. बाईंना मराठी येत नाही. ही क्षुल्लक अडचण बाजूला सारून त्यांनी मराठी कीर्तनांवर तीनशे पानांचा ग्रंथ लिहिला आहे. त्यातली अकरा पाने माझ्या शोधनिबंधातली आहेत. माझे नाव तेवढे नाही. मी तक्रार केली नाही. मी तो ग्रंथ दोनदा वाचला आणि प्रत्येक चुकीपुढे समासात पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. समास पुरला नाही.

वही एक दिवस आधी माझ्या कॅमेऱ्यासमोर उघडावी, एवढेच मला हवे होते. काका फोनवर म्हणाले होते, "तुझी ती घरची बिअर आण. पेसाख संपला की ये, मग बघू." पेसाख हा मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्या दिवसांत धान्य आंबवून केलेले काहीही घरात चालत नाही, मग बिअर तर दूरच. तो नेमका कधी संपतो, हे मी विचारले नाही. ग्रंथात जे सापडते ते माणसांना विचारण्याची मला सवय नाही. ज्यूंच्या धर्मग्रंथात सात दिवस सांगितले आहेत, आणि २००८ साली सातवा दिवस शनिवारी मावळत होता. म्हणून रविवार.

बिअरला ही तारीख मान्य नव्हती. ती अजून आंबत होती. आणखी आठवडाभर तिला हात लावायला नको होता. मी तिला रबरी नळीने केगमध्ये उतरवले. केग म्हणजे गुडघ्याहून थोडे उंच, स्टीलचे, घट्ट झाकणाचे पिंप. फेसासाठी वर चार बोटे जागा सोडायची असते. चारशे मैल न्यायचे तर भरपूर न्यावे, या हिशेबाने मी ते काठोकाठ भरले.

पहाटे पाचला निघालो. गाडी नीना चालवत होती. ती माझी बायको, एडिनबऱ्याच्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर.

"वेग कमी कर," कार्लाइलपाशी मी म्हणालो. "तळाचा गाळ ढवळतोय."

"मागची लॉरी हॉर्न देतेय, परीक्षित. थांबून तिला सांगू का गाळाचं?"

"झाकणातून आवाज येतोय का बघ."

"मी रस्ता बघतेय. सकाळपासून तू त्याच्याकडे जितक्या वेळा वळून पाहिलंस ना, तितक्या वेळा लग्नात माझ्याकडे पाहिलं नव्हतंस."

प्रत्येक सर्व्हिस स्टेशनवर मी झाकणावरची कडी किंचित ओढून वायू सोडत होतो. फुस्स होई, थोडा फेस बोटांवर येई, आणि पुढच्या वीस मैलांत ते स्टील पुन्हा ताठ लागे. उन्हाला आपण होऊन गाडीत यायची बुद्धी झाली होती. बर्मिंगहॅमनंतर मी दर मिनिटाला घड्याळ पाहू लागलो.

दीड वाजता काकांनी दार उघडले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. त्यांनी माझ्या कवेतल्या केगकडे पाहिले.

"हे काय?"

"बिअर. सण संपला की ये, म्हणाला होतात."

"संपला?"

"काल."

"असं? कुणाचा?"

इथे मी थांबायला हवे होते. मी सांगू लागलो की, मूळ विधान सात दिवसांचेच आहे. आठवा दिवस दूरदेशीच्या लोकांनी जोडला, कारण महिना ठरवणाऱ्या चंद्रदर्शनाची बातमी त्यांना वेळेवर मिळत नसे. छापील कॅलेंडरे आल्यावर त्याचे प्रयोजन उरलेले नाही.

काकांनी शांतपणे ऐकून घेतले. "नीना, हा घरी पण असाच बोलतो?"

"घरी तळटिपा पण देतो, काका."

"माझी आजी अलिबागकडची. अक्षर ओळखत नव्हती. या सणात आंबट चटणीच्या मडक्यावर झाकण ठेवायची, ते आठ दिवस. सातव्या दिवशी कुणी उचललं तर हातावर पळी बसायची. ती चुकली म्हणतोस?"

"ऐतिहासिकदृष्ट्या पाहिलं तर..." मी म्हणालो आणि नीनाने माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"मग वही तुला कशाला हवी रे?" काका म्हणाले. स्वरात राग नव्हता. "तुला सगळं आधीच ठाऊक आहे. नीना, तू आत ये, दमली असशील. पिंप गाडीपाशी राहू दे."

केग मी उन्हात, गाडीमागे ठेवले. झाकणाच्या कडेतून बारीक शीळ येत होती. माझे मन दारामागच्या कपाटात होते. मी खाली वाकलो आणि कडी पूर्ण ओढली.

काठोकाठ भरलेली, चारशे मैल ढवळलेली बिअर एका पांढऱ्या खांबासारखी वर आली. केस, चष्मा, शर्ट, बूट, काहीही सुटले नाही.

"आता तूही बाहेर," काका दारातून म्हणाले. "अंगावर बिअर घेऊन आज या घरात येता येणार नाही. अंधार पडला की सण सुटेल. तोवर फोटो नाही, लिहिणं नाही." आणि दार लागले.

अंधार पडायला सात तास होते. मी बैठकीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ती वीतभर उघडी होती. काकांनी कपाटातून वही काढून टेबलावर ठेवली. नीना तिच्यावर वाकली. तिने काहीतरी विचारले. काय ते मला ऐकू आले नाही, पण तो प्रश्न होता, एवढे कळले. काका गाऊ लागले.

योसेफाला भाऊ विहिरीत ढकलतात, तो प्रसंग. ही कीर्तने सरळ ओवीच्या चालीवर म्हटली जात, असे मी अकरा पानांत सिद्ध केले होते. काका ओळ मी कधीच तोडली नसती तिथे तोडत होते, अर्ध्या शब्दावर श्वास रोखत होते, आणि मग उरलेला चरण धावत घेत होते, जणू भाऊ पळत सुटले आहेत. अकराही पाने चूक होती. बाईंनी चोरली ती चूक माझीच होती.

"काका!" मी खिडकीतून म्हणालो. "ही चाल वहीत कुठे आहे?"

"कुठेच नाही. वहीत नुसते शब्द. आजोबांच्या मांडीवर शिकलो." ते वळले. "वही उद्या बाईंना देणार. तुझ्याआधी त्यांना कबूल केलंय."

गेले दोन महिने या वाक्यासाठी मी तिखट उत्तरे रचून ठेवली होती.

"पुन्हा म्हणाल का?"

नीनाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. काकांनी उठून खिडकी आणखी वीतभर वर सरकवली.

"एकदाच. मग जेवायचंय आम्हाला."

पेन गाडीत होते, दहा पावलांवर. मी गेलो नाही. चिकट बोटाने खिडकीच्या लाकडावर मात्रा धरू लागलो. दुसऱ्या चरणापाशी येईतो पहिला निसटत होता. शेजारच्या बागेत कुणीतरी गवत कापायचे यंत्र सुरू केले. मी चौकटीला कान लावला.