अडकलेली मधली कळ

मित्रांनो, पूर्णा गावातल्या एका घरात खिळ्याला टांगलेला जुना ट्रंपेट आहे मी. जवळ या. मोठ्याने बोलवत नाही आता, फार दमलो आहे.

मी विलायतेत घडलो. एकाच जाड पितळी पत्र्यावर हातोडी चालवून कारागिरांनी माझं तोंड केलं. सांधा बोटालाही लागत नाही. निजामाच्या काळात हैदराबादला पलटणीच्या बँडात होतो. तिथून माझा आताचा वादक सिताराम, त्याच्या वडिलांकडे आलो आणि मग सितारामकडे. गंगाखेडकडच्या त्यांच्या गावी दलित वस्तीतलं एकही लग्न माझ्याशिवाय लागलं नाही.

१९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्या रागात लोकांनी आमची वस्ती पेटवली. सितारामने घरातून मलाच तेवढं उचललं. पळताना मी दगडावर आपटलो, तो पोचा अजून आहे. पूर्णेला आल्यावर तो मला म्हणाला, "नाव लागंल त्या दिशी तुलाच वाजवीन." त्या दिवसाला सोळा वर्षं लागली.

मधल्या काळात सिताराम ज्या बँडात वाजवायचा, त्याच्या मालकाने, भुजंगने, नवा ट्रंपेट आणला. काय त्याची चकाकी! पत्रा मात्र पातळ आणि सांध्यावर डाक, म्हणजे जोडाचं कथील, ओघळलेलं. भुजंग म्हणाला, "ह्या जुन्याला आता मोडीत घाल, सिताराम." सितारामने बायकोला, सरजाबाईला, पाठ करून बसवलं आणि दोन्ही वाजवले. ज्वारी निवडता निवडताच ती म्हणाली, "पयला पोटातून बोलायलाय. दुसरा निस्ता वरडायलाय."

पहिला मी होतो. भुजंग पुन्हा मोडीचं बोलला नाही.

१९९४ च्या ऐन संक्रांतीला नाव लागल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी मिरवणूक ठरली. नव्यापुढे मी काळा दिसू नये म्हणून सरजाबाईने मला तांब्यासारखं चिंच आणि राख लावून घासलं. मी लखलखलो, पण राख कळांमध्ये शिरली. मिरवणुकीत सितारामने मधली कळ दाबली, ती वर आलीच नाही.

मग नवाच वाजला. सरजाबाई रडायला लागली, "म्याच घात केला." सिताराम म्हणाला, "रडू नगं. कसा सोन्यावानी दिसायलाय बघ." निळ्या झेंड्यापाशी त्याने मला तसंच ओठाला लावलं. तीन सूर निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र लाज वाटली. सोळा वर्षं वाट पाहणाऱ्याला मी तीनच सूर दिले.

मित्रांनो, वाद्याला राख लावू नका, थेंबभर तेल पुरतं. माझी कळ सोडवणारा कारागीर हैदराबादला आहे. "पुढच्या महिन्यात नेतो," असं सिताराम दर महिन्याला म्हणतो. त्याचे पुढचे दोन दात हलायला लागले आहेत, आणि ते पडले की त्याला ट्रंपेट वाजवता येणार नाही. तुमच्यापैकी कुणाचे वडील हैदराबादच्या रेल्वेगाडीवर कामाला असतील तर त्यांना सांगा, मला सोबत न्या म्हणावं. मी फार जड नाही. फक्त जरा लवकर सांगा.