उमरीत कुणी नाचलं नाही

धम्मप्रियाच्या बँडचं नाव 'भारनियमन'. हसू नका, लातूरच्या पोरांना वीज गेल्यावरच गाणं सुचायचं, त्याला ती तरी काय करणार! बँड फंक वाजवायचा. फंक म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "पायाला गुदगुल्या." आणि खरंच हो, उदगीरच्या मडिवाळप्पानं बेस गिटारची जाड तार छेडली, की लातूरच्या क्लासमधली पोरं काय अन् पुण्याची शिष्ट मंडळी काय, सगळी उठून नाचायला लागायची. तिला मात्र गाताना झोपेत चालल्यागत वाटायचं. डोळे मिटायचे, पाय आपोआप पडायचे, समोर नांदेडची गोदावरी संथ वाहत असायची आणि काठावर वडील पेटी घेऊन बसलेले असायचे.

वडील म्हणजे रामकिशन गायक. उमरी तालुक्यात त्यांच्या गायन पार्टीशिवाय जयंती साजरी झाल्यासारखी वाटायची नाही. ते वारले तेव्हा सगळे हळहळले, "आता गावाला गायक उरला न्हाई." पोरगी तिथंच उभी होती. तोवर पाच वर्षं स्टेजवर गात होती बिचारी, पण तिच्याकडं कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. ते तिच्या मनाला फार लागलं. उमरीनं एकदा आपल्याला गायक मानावं, बस, एवढंच तिला हवं होतं.

यंदा बुद्धपौर्णिमेला गावानं बोलावलं आणि बाई हरखून गेली.

दिवेलागणीला विहारापुढं सतरंज्या पडल्या. एकीकडं बायका, एकीकडं बाप्ये, सगळे पांढऱ्या कपड्यांत. चंद्र वर आला तशी ती माणसं जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यागत दिसायला लागली. धम्मप्रियानं आधी वडलांचं एक बुद्धगीत म्हटलं, मग आपलं गाणं धरलं:

*ऊन कलू दे गं, मग निघू...*

कुणी हललं नाही. आता उमरीत गाण्याला बसलेलं माणूस नाचत नाही, हे तिला ठाऊक का नव्हतं? होतं की! पण टाळ्यांची सवय वाईट. समोर सगळे मांडी घालून, हात जोडल्यागत गप्प.

"अक्का, झोपले का काय हे?" मडिवाळप्पा कानाशी पुटपुटला.

संपलं, तिला वाटलं, आपण यांच्या कुणीच नाही. ध्रुपदावर यायची जागा आली तरी तिचा आवाज फुटेना. नुसता बेस वाजत राहिला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक जाडाभरडा आवाज उठला, *ऊन कलू दे गं...* साखराबाई! रामकिशनच्या मागं जन्मभर कोरस धरलेली म्हातारी. तिच्यामागं बायका आल्या, बायकांमागं बाप्ये. टाळ्या सावकाश पडायला लागल्या. मडिवाळप्पानं मुकाट आपली चाल त्यांच्यासारखी संथ केली. सगळं मैदान बसल्या जागी डुलत होतं, आणि हे आपलंच गाणं आहे का आपण स्वप्नात ऐकतोय, तेच तिला कळेना.

भानावर येऊन ती पुन्हा माइककडं सरकली. पण शिरायला जागाच सापडेना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"बस गं माय," साखराबाई खालून ओरडली. "लई दमलीस. आता आमी म्हणताव."

"पण मावशी, गाणं माझं..."

"अगं हाव, तुझंच हाय! तुझ्या बापाला बी असंच बसवायचो आमी. गाणं आवडलं की गायकाला बसवायचं, ह्ये बी ठावं न्हाई का तुला?"

दहा वर्षांत शेकडो माणसं तिच्या गाण्यावर नाचली होती. 'बस' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती स्टेजच्या कडेला खाली पाय सोडून बसली, ओढणीनं डोळे पुसले, आणि गावामागं हळूच कोरस धरला.